फोटो कुणी काढला? होमाई व्यारावाला आणि फोटोखालचं नाव



गेल्या हिवाळ्यात एका परिषदेत मी पोस्टर लावलं होतं. पोस्टरच्या मधोमध माझ्या नमुन्याचा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून काढलेला मोठा फोटो होता. बघणारे तिथंच थांबत होते. एका मॅडमनी विचारलं, “फोटो सुरेख आलाय. कुणी काढला?” मी पटकन म्हणाले, “मी.”

नमुना माझा होता, हे खरं. पण मशीनवर बसून, बीम जुळवून, फोकससाठी झगडत सलग तीन तास घालवले होते ते मायक्रोस्कोप चालवणाऱ्या ताईंनी. मी शेजारच्या खुर्चीत बसून “अजून थोडं डावीकडं” एवढंच म्हणत होते. पोस्टरच्या तळाशी आभारात विभागाचं नाव होतं, फेलोशिपचं होतं, गाईडचं होतं. ताईंचं नव्हतं. मुद्दाम वगळलं नव्हतं. सुचलंच नाही. आणि ‘सुचलंच नाही’ हे मला जास्त खटकलं.

त्याच दिवसांत मी होमाई व्यारावाला यांचे फोटो बघत होते. म्हणून आज थोडा वेगळा लेख. केमिस्ट्रीची मुलगी फोटोंवर का लिहितेय, असं वाटेल. शेवटपर्यंत वाचा. प्रपोजल लिहिणाऱ्या, पहिल्या पेपरची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा हा विषय आहे.

नाव ओळखीचं, फोटो अनोळखी

होमाई व्यारावाला म्हटलं की एक वाक्य ठरलेलं असतं : भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असतं, तेवढंच. २०११ मध्ये पद्मविभूषण, २०१२ मध्ये निधन, २०१७ मध्ये त्यांच्या वाढदिवसाला गूगलनं केलेलं डूडल. एका मार्काचा प्रश्न संपला.

आता स्वतःला विचारा : त्यांचा एक तरी फोटो डोळ्यांसमोर येतो का? माझ्या येत नव्हता. पुढं गंमत अशी झाली की फोटो बघायला लागल्यावर त्यातले निम्मे मी आधीच पाहिलेले निघाले. शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर, वर्तमानपत्राच्या १५ ऑगस्टच्या पुरवणीत. फोटो पाठ होते, ते काढणारी बाई माहीत नव्हती. आणि जी बाई ‘पहिली’ म्हणून पाठ होती, तिचे फोटो कुठले ते माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत पडलेल्या.

थोडक्यात आयुष्य सांगते. जन्म ९ डिसेंबर १९१३, नवसारीचा. पारशी कुटुंब. वडील फिरत्या नाटक कंपनीत नट. वाढल्या आणि शिकल्या मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजात आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. वयाच्या तेराव्या वर्षी माणेकशा व्यारावाला यांची ओळख झाली. कॅमेरा कसा धरायचा हे होमाई त्यांच्याकडूनच शिकल्या आणि १९४१ मध्ये दोघांनी लग्न केलं. होमाईंचे सुरुवातीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले, एका फोटोला एक रुपया या दरानं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसं ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’साठी काम मिळू लागलं. १९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेले, ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीवर.

आणि आता आपल्या विषयाचा मुद्दा. मुंबईच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत होमाईंनी काढलेले फोटो छापून येत, पण खाली नाव असे माणेकशांचं. होमाई अनोळखी होत्या आणि बाई होत्या. माणेकशा हे संपादकांच्या ओळखीचं नाव होतं.

मुंबईचे ते फोटो

हे मुंबईचे फोटो मला दिल्लीच्या प्रसिद्ध फोटोंपेक्षा महत्त्वाचे वाटतात. का, ते सांगते.

तीसच्या दशकात आपल्याकडं फोटो म्हणजे बहुतेक स्टुडिओ. मागं रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी, खुर्चीत बसलेले वडीलधारे, मागं उभी मुलं, सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. त्याच सुमारास युरोपात फोटोग्राफीत उलथापालथ चालली होती. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवरून हलवून जमिनीवर ठेवा, गच्चीवरून खाली धरा, तिरका करा. सावलीला वस्तूइतकंच महत्त्व द्या. चेहरा इतक्या जवळून घ्या की त्याचा आकार दिसेल. या नव्या नजरेची चाहूल सचित्र मासिकांतून मुंबईपर्यंत पोचत होती, आणि जे. जे. मधली एक विद्यार्थिनी ती टिपून घेत होती.

होमाईंनी जे. जे. मधल्या आपल्या वर्गमैत्रिणींचे फोटो काढले. त्यातलं ठळक नाव रेहाना मोगल. या फोटोंतल्या मुली कॅमेऱ्यापुढं मांडून ठेवलेल्या नाहीत. त्या चित्रं काढतायत, सहलीला गेल्यात, आपल्यातच दंग आहेत. रेहाना पोज देते तेव्हाही ती पोज तिची आणि होमाईची मिळून ठरवलेली वाटते, जणू दोघी मैत्रिणी मिळून काहीतरी करून बघतायत. उजेड एका बाजूनं येतो, अर्धा चेहरा अंधारात जातो, आणि फोटो कुणाची तरी ओळख पटवण्यासाठी न राहता एक रचना म्हणून उभा राहतो.

तेव्हाच्या मासिकांत बाईचा फोटो कशासाठी येई, ते आठवा. राणी म्हणून, नटी म्हणून, जाहिरातीतली गृहिणी म्हणून. शिकणारी, हसणारी, कुणाची कोण लागते ते न सांगता नुसती असलेली शहरातली तरुण मुलगी तिथं नवी होती. फोटोची तऱ्हा नवी आणि फोटोतली बाईही नवी. दोन्ही नवेपण एकाच वेळी, एकाच कॅमेऱ्यातून आलं.

कलेच्या इतिहासात ‘अवाँ-गार्द’ हा शब्द आपण पॅरिस-बर्लिनसाठी राखून ठेवतो. मुंबईत व्ही. टी. स्टेशनच्या परिसरात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या, साडी नेसलेल्या मुलीसाठी तो आठवत नाही. आणि तिच्या कामातलं जे छापलं गेलं, त्याखाली तिचं नावच नसेल तर तो कुणाला आठवणार?

दिल्ली : तीच नजर, मोठी माणसं

दिल्लीतल्या जवळजवळ तीस वर्षांत होमाईंनी काय काय टिपलं! जून १९४७ मध्ये फाळणीच्या प्रस्तावावर हात वर करून मत देणारे काँग्रेसचे नेते. लाल किल्ल्यावरचं पहिलं झेंडावंदन. गांधीजींची अंत्ययात्रा. १९५६ मध्ये डोंगरवाटेनं सिक्कीममध्ये उतरणारे तरुण दलाई लामा. साडी नेसून, सामान लादून, सायकलवरून त्या दिल्लीभर फिरत.

या फोटोंवर लिहिणारे बहुतेक जण फोटोत कोण आहे तेच सांगतात. नेहरू, माउंटबॅटन, हो चि मिन्ह, राणी एलिझाबेथ. यादी इतकी भारी की कॅमेऱ्यामागच्या माणसाकडं लक्षच जात नाही. म्हणून एक करून बघू : फोटोत कोण आहे ते क्षणभर विसरून फोटो कसा आहे ते पाहू.

एक फोटो विमानतळावरचा. नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची, वाट बघत उभे आहेत. जवळच पाटी आहे : फोटो काढण्यास सक्त मनाई. होमाईंनी पंतप्रधान आणि पाटी एकाच चौकटीत घेतलेत. पाटी टाळून नेहरूंचा चांगला फोटो सहज निघाला असता. इतर कुणी कदाचित तसाच काढला असता. पाटी आत घेतल्यामुळं फोटोत गंमत आली, आणि फोटो काढणारीसुद्धा आत आली. मनाई आहे, आणि तरी मी इथं आहे.

दुसरा फोटो विमानातला. स्वतःच्या ओठांत सिगारेट असलेले नेहरू ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देतायत. इथं देश, ध्वज, भाषण काही नाही. दोन चेहरे, एक हात आणि मधली ठिणगी. जे. जे. मधल्या मैत्रिणींकडं जवळून बघणारी नजर हीच. समोरचा माणूस बदलला, अंतर तेच राहिलं.

आता यंत्राचं बघा, आपण सायन्सवाले आहोत. त्या वापरत त्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याला सुटी फिल्म लागायची. एका होल्डरमध्ये दोनच फिल्म, पुढून एक, मागून एक. दोन फोटो झाले की होल्डर बदला. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटणार, तोही बदला. आज आपण मोबाईलवर तीस काढून एक ठेवतो. तेव्हा बटण दाबण्याआधीच निवड करावी लागे. होमाईंच्या फोटोंतला नेमकेपणा नशिबाचा नाही, हे कॅमेरा समजून घेतल्यावर कळतं.

‘पहिली’ या शब्दाची अडचण

माझी तक्रार ‘पहिली’ या शब्दाशी आहे. तो शब्द खोटा नाही. पण दोन अडचणी आहेत.

एक, ‘पहिली’ म्हटलं की कक्षा सांगावी लागते, जशी आपण निष्कर्षाची मर्यादा सांगतो. होमाई पहिल्या वृत्तछायाचित्रकार. फोटोग्राफीवर पोट भरणाऱ्या पहिल्या बाई नव्हेत. बंगालमध्ये अन्नपूर्णा दत्त त्याआधीपासून हा व्यवसाय करत होत्या. कक्षा गाळली की एका बाईला मान देताना दुसरी पुसली जाते.

दुसरी अडचण जास्त गंभीर. ‘पहिली’ हे पदक गळ्यात घातलं की काम तपासायची गरज उरत नाही. पुरुष छायाचित्रकारावर लिहिताना त्याची रचना, उजेड, कुणाचा प्रभाव, कुठं चुकला, हे सगळं येतं. होमाईंवर लिहिताना सायकल येते, साडी येते, जिद्द येते. सायकल मीही वर आणली, कबूल. पण जिद्द हा फोटोचा गुण नव्हे. बाईच्या कामाचं कौतुक करून ते न बघता सोडून देणं, हाही विसरण्याचाच एक प्रकार आहे.

आणि त्यांना बिचारी ठरवण्यातही अर्थ नाही. माणेकशांच्या नावानं फोटो छापून येणं हा अन्याय होता, तशी ती आत शिरायची वाटही होती. बाई कॅमेरा घेऊन आलीय म्हटल्यावर पुरुष तिला गंभीरपणे घेत नसत, आणि त्याचा त्या फायदा करून घेत. नावाशी त्या खेळल्याही आहेत. ‘डालडा १३’ या टोपणनावानं त्यांनी फोटो दिले. गाडीचा नंबर डीएलडी १३, जन्म १९१३ चा, नवऱ्याची भेट तेराव्या वर्षी. ज्या बाईचं नाव इतरांनी गाळलं, तिनं स्वतःचं नाव तुपाच्या डब्यावरून उचललं. या माणसाला नुसती सहानुभूती पुरत नाही.

१९६९ मध्ये माणेकशा गेले. १९७० मध्ये होमाईंनी कॅमेरा ठेवून दिला. नव्या पिढीच्या फोटोग्राफरांची वागणूक त्यांना पटत नव्हती. त्यानंतर जवळजवळ ४० वर्षं त्यांनी फोटो काढला नाही. आधी पिलानीत मुलाजवळ, मग बडोद्यात, आणि मुलगा गेल्यावर एकट्या. दिल्लीच्या पत्रकारितेतून त्या अशा बाजूला झाल्या की पुढच्या पिढीला त्या कुठं आहेत याचाही पत्ता नव्हता.

त्या आपल्याला परत मिळाल्या त्या एका संशोधक बाईमुळं. सबीना गाडिहोक यांनी १९९८ मध्ये तीन स्त्री छायाचित्रकारांवर माहितीपट केला, त्यातल्या एक होमाई. पुढं त्यांच्याशी सविस्तर बोलून २००६ मध्ये पुस्तक केलं. होमाईंचा संग्रह अल्काझी फाउंडेशनकडं गेला आणि २०१० मध्ये दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मोठं प्रदर्शन झालं. तेव्हा होमाई ९६ वर्षांच्या होत्या. माणूस हयात असताना कुणीतरी दार वाजवून विचारलं, म्हणून हे झालं.

मग फोटो कुणाचा, हे ठरवायचं कसं?

समजा, तुमच्यासमोर ‘इलस्ट्रेटेड वीकली’चा जुना अंक आहे. फोटोखाली माणेकशांचं नाव आहे. फोटो त्यांचा की होमाईंचा? ‘मला वाटतं होमाईंचा’ हे उत्तर चालणार नाही. हा शुद्ध संशोधनाचा प्रश्न आहे.

असाच प्रश्न स्पेनच्या यादवी युद्धातल्या फोटोंबाबत आला होता. १९३६ मध्ये पॅरिसमध्ये गेर्टा पोहोरिले आणि एंद्रे फ्रीडमन या तरुण जोडप्यानं ‘रॉबर्ट कापा’ नावाचा एक अमेरिकन फोटोग्राफर कल्पनेतून उभा केला आणि त्या नावानं फोटो विकले. पुढं कापा हे नाव फ्रीडमनला चिकटलं आणि गेर्टा झाली गेर्डा टारो. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईत ती मेली, वय २६. तिचे बरेच फोटो नंतर कापाच्या नावावर राहिले. २००७ मध्ये मेक्सिकोहून निगेटिव्हचे तीन डबे न्यूयॉर्कला पोचले. कापा, टारो आणि त्यांचा मित्र चिम यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह. त्यानंतर अभ्यासकांना कुठला फोटो कुणाचा ते बरंच उलगडता आलं. सुरुवातीच्या काळासाठी एक साधा धागा उपयोगी पडला : टारोच्या कॅमेऱ्यात चौकोनी निगेटिव्ह यायची, कापाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर आयताकृती. निगेटिव्हचा आकार हा पुरावा झाला.

म्हणजे पुरावे असे असतात. निगेटिव्ह कुठल्या कॅमेऱ्याची. रोलवर आधी-नंतर काय आहे. त्या दिवशी त्या ठिकाणी कोण होतं. त्या खोलीत कुणाला प्रवेश होता. शेवटी आठवणी, पण त्याही ताडून. यातला एकटा कुठलाच पुरेसा नाही. मुलींच्या गप्पांचा जवळून काढलेला फोटो होमाईंचा असण्याची शक्यता जास्त, पण शक्यता म्हणजे सिद्धता नव्हे. हा फरक तुम्हाला पुढची पाच वर्षं सांभाळायचा आहे.

फोटोखालच्या ओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, याचं होमाईंच्याच कामातलं अजून एक उदाहरण. लाल किल्ल्यावरच्या पहिल्या झेंडावंदनाच्या त्यांच्या फोटोखाली बऱ्याच ठिकाणी १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख दिसते. नेहरूंनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला तो १६ ऑगस्टला. फोटो अस्सल, तारीख चुकीची. एका अंकात छापलं गेलं की पुढचे सगळे तेच उतरवतात. आपल्या क्षेत्रात संदर्भ न उघडता उतरवणारे असतातच की.

आणि जो फोटो नाहीच, त्याचं काय? ३० जानेवारी १९४८ ला होमाई बिर्ला हाउसच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. माणेकशांनी त्यांना परत बोलावलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणाले. तो उद्या आला नाही. ही हुकलेली वेळ त्यांना आयुष्यभर सलत राहिली. संग्रह बघताना त्यातल्या रिकाम्या जागाही वाचाव्या लागतात, आणि त्या जागांची गोष्ट फक्त माणूसच सांगू शकतो.

मुरगूडची काकू

हे सगळं वाचत असताना मी सुट्टीला मुरगूडला गेले. आमच्या घरात जुन्या फोटोंची एक पत्र्याची पेटी आहे. बहुतेक कृष्णधवल. मागं जांभळ्या शाईचा शिक्का : चुलतकाकांच्या स्टुडिओचं नाव, प्रोप्रायटर म्हणून काकांचं नाव. हा शिक्का मी लहानपणापासून बघतेय. या वेळी पहिल्यांदा विचार केला की काका तर दिवसभर लग्नं आणि कुस्तीची मैदानं करत फिरायचे. मग फोटो धुवायचं कोण?

काकूकडं गेले. काकू आता सत्तरीच्या पुढं. विचारलं तर हसली. म्हणाली, “त्यात काय सांगायचं? मीच धुवत होतो. न्हाणीघरात लाल बल्ब लावायचा, दाराला घोंगडं. पोरं झोपली की बसायचं. हायपोच्या वासानं जेवण जात न्हवतं.” निगेटिव्हवर पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग घालवायचं कामही तिचंच. ते सांगताना तिनं हवेतच अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, अजून बोटांत होतं.

मी पेटीतला एक फोटो पुढं केला. कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा, माजघरातला. फुलांच्या वाडीत बसलेली मुलगी, भोवती बायका, एकीनं तोंडाला पदर लावून हसू दाबलंय. कुणीही सावरून बसलेलं नाही. मागं तोच शिक्का, तेच काकांचं नाव.

“हा काकांनी काढला?”

“आत बायकांत ते कसं येतील? असलं समदं मीच काढत होतो की.”

“मग नाव?”

“नाव दुकानाचं असतंय बाई. धुणाऱ्याचं कुठं असतंय?”

मी गप्प बसले. खोलीत कुणाला प्रवेश होता, हा पुरावा मी दोन दिवसांपूर्वीच वहीत लिहून घेतला होता, होमाईंच्या संदर्भात. तोच पुरावा आमच्या पेटीत वीस-पंचवीस वर्षं पडून होता. निगेटिव्ह बघायच्या होत्या, पण दुकान बंद झालं तेव्हा डबे भंगारात गेले. आता आहे ती फक्त पेटी आणि काकू.

काकू होमाई नव्हे, हे मला कळतं. पासपोर्ट फोटो आणि डोहाळजेवणं म्हणजे नवी कला नव्हे. पण तिच्या फोटोतल्या त्या बायका स्टुडिओतल्या बायकांसारख्या ताठ बसलेल्या नाहीत, आणि हे कुणीतरी केलंय. ते कोण, याचं उत्तर शिक्क्यावर चुकीचं लिहिलंय.

तुमच्यासाठी

आता तुमच्या कामाचं. श्रेय देणं म्हणजे सौजन्य, आभारपत्राचा शेवटचा परिच्छेद, असं आपल्याला शिकवलं जातं. मी आता वेगळं मानते. कुणी, कुठल्या यंत्रावर, कधी, कसं केलं, ही माहिती म्हणजे डेटा आहे. ती गाळली तर निरीक्षण अपुरं राहतं. माणेकशांच्या नावाखाली छापलेला फोटो ही इतिहासातली चुकीची नोंद आहे, आणि माझ्या पोस्टरवरचा बिननावाचा फोटोसुद्धा.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. प्रत्येक फोटो, प्रत्येक ग्राफसाठी चार गोष्टी : तारीख, यंत्र, नमुना क्रमांक, आणि यंत्रावर कोण बसलं होतं. फाईलला ‘फायनल न्यू टू’ असं नाव देऊ नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. दुसऱ्याच्या फोटोखालची ओळ उतरवण्याआधी मूळ जागा उघडून बघा. आणि ज्यांना विचारायचंय ते हयात आहेत तोवर विचारा. प्रपोजलची मुदत पुढं ढकलून मिळते, ही मिळत नाही.

मी परत आल्यावर ताईंना भेटले. पोस्टरवरचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “सगळेच विसरतात गं.” त्यांचा आवाज काकूसारखाच होता, म्हणजे तक्रारीचा अजिबात नव्हता. त्यामुळं जास्त वाईट वाटलं. पेपरच्या मसुद्यात आता त्या फोटोखाली त्यांचं पूर्ण नाव आहे. सहलेखक म्हणून घ्यावं का, यावर गाईडशी बोलणं चालू आहे. सोपं नाही, पण प्रश्न तरी विचारला गेलाय.

मुरगूडला दिवाळीत जाईन तेव्हा पेटी आणि पेन्सिल घेऊन काकूजवळ बसणार आहे. प्रत्येक फोटो हातात द्यायचा, विचारायचं, आणि शिक्क्याच्या खाली बारीक अक्षरात लिहायचं. तिला आठवत नसेल तिथं प्रश्नचिन्ह.